चाकाखालची जमीन सुटू नये म्हणून

ज्यांना आपली मोटार कारखान्यातून आली तशीच न ठेवता स्वतःच्या हौसेप्रमाणे घडवावीशी वाटते, त्यांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते आणि मग रुंद टायरांकडे. परंतु वाढलेली शक्ती अखेर टायरांच्या ज्या चार लहानशा टेकांतून रस्त्यावर उतरते, ते टेक जमिनीला सतत लागून राहतील याची तजवीज करणाऱ्या स्प्रिंगा आणि डँपर यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि तोही ‘गाडी खाली बसवा आणि कडक करा’ एवढ्या हुकुमापुरताच. सुधारणेच्या नावाखाली गाडी बिघडते ती येथेच.

स्प्रिंग धक्का नाहीसा करीत नाही. ती त्याची ऊर्जा क्षणभर साठवते आणि लगेच परत करते. परत आलेल्या या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून आंदोलन शमविणे हे डँपरचे, म्हणजे आपल्या गॅरेजांत ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात त्याचे, कार्य होय. गाडीच्या स्थिर भाराखाली स्प्रिंग किती दबते, यावरून तिच्या आंदोलनाची गती ठरते: चाकापाशी मोजता ती २५ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला साधारण एक आंदोलन, ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड आणि सुमारे ६ सेंटिमीटर दबत असेल तर दोन. कुटुंबाच्या नित्य वापरातील मोटारी बहुधा एक ते दीड यांच्या दरम्यान असतात. शर्यतीच्या मार्गावर जाणाऱ्या हौशी गाड्या दोनच्या आसपास किंवा त्याहूनही वर नेल्या जातात.

या विषयाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रोल्स-रॉइसमधील अनुभव गाठीशी बांधून तो अमेरिकेत कॅडिलॅककडे आला आणि १९३० नंतरच्या दशकात, पुढे व मागे वजने सरकवता येतील अशी एक चाचणीची गाडी सिद्ध करून त्याने दाखवून दिले की मागच्या बाजूचे आंदोलन पुढच्यापेक्षा किंचित जलद असावे. कारण उंचवटा प्रथम पुढच्या चाकांना भेटतो, आणि उशिरा सुरू झालेले मागचे आंदोलन जलद असेल तरच ते पुढच्याला गाठते व गाडी पुढेमागे न डोलता समतल राहते.

हा सिद्धान्त प्रत्यक्षात पाहण्यास जपानच्या माझ्दा कंपनीची पहिल्या पिढीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार उत्तम उदाहरण आहे. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम प्रकट झालेली ही गाडी वजनाने साडेनऊशे किलोंच्या आसपास, चारही चाकांना दुहेरी विशबोन रचना, म्हणजे प्रत्येक चाक वर व खाली अशा दोन भुजांनी धरणारी मांडणी, असलेली आणि म्हणूनच जगभरच्या हौशी मंडळींची आवडती. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,२६५ मिलिमीटर. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना पुढच्या चाकाला लागलेला उंचवटा मागच्याला सेकंदाच्या सुमारे नवव्या भागाने लागतो, आणि स्प्रिंगांची निवड करताना ऑलीचा नियम पाळावयाचा तो याच अंतराचा हिशेब धरून.

अशा गाडीसाठी स्प्रिंग खास बनवून घ्यावयाची तर काम मोजमापापासून सुरू व्हावे. चालकाला बसवून चारही चाकांखालचा भार वेगवेगळा तोलावा लागतो. मग स्प्रिंग जेथे बसते तेथे चाकाच्या हालचालीचा किती अंश पोहोचतो हे पाहावे लागते. कारण चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकाला तिची ताठरता ०.७ च्या वर्गाइतकी, म्हणजे जवळजवळ निम्मीच जाणवते. स्प्रिंगेची एखादी वेढी कापून गाडी खाली बसविण्याचा स्वस्त उपाय ताठरता वाढवितो खरा, परंतु किती वाढवावयाची हे तो कोणालाच विचारीत नाही. शिवाय गाडी खाली आली की चाकाला वर सरकण्यास उरलेली जागा आटते. वळणावर एखाद्या उंचवट्यासरशी रचना रबरी थांब्यावर आदळते, ताठरता एकाएकी अनेक पटींनी वाढते आणि टायरची पकड नेमकी जेथे हवी तेथेच सुटते.

स्प्रिंग बदलून डँपर जुनाच ठेवणे हा दुसरा प्रमाद. ताठरता १.४४ पट झाली, तर आंदोलन पूर्वीच्याच प्रमाणात शमविण्यासाठी डँपरचा विरोध १.२ पट व्हावयास हवा. खास बनविलेल्या डँपरमध्ये कारागीर दट्ट्यावरील पातळ पोलादी चकत्यांची रास बदलतो आणि मग यंत्रावर डँपर चालवून वेगागणिक विरोध किती, याचा आलेख काढतो. दट्ट्याची मंद हालचाल ब्रेक लावताना व वळताना गाडीचा तोल सांभाळते, तर जलद हालचाल खड्ड्याचा आघात झेलते. त्यामुळे दोन्हींसाठी विरोध वेगळा ठरवावा लागतो. उसळी परतताना विरोध वाजवीपेक्षा अधिक ठेवला, तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक पुरते खाली येण्याच्या आतच पुढचा उंचवटा येतो आणि गाडी क्रमाक्रमाने खाली रुतत जाते. एकनळी डँपरांत तरत्या दट्ट्यामागे उच्च दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, तो दीर्घ श्रमात तेलाला फेस येऊ नये म्हणून.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. जर्मनीत असे बदल अधिकृत परीक्षकाकडून तपासून त्यांची रीतसर मंजुरी घ्यावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर.

कडकपणा हे साधन आहे, साध्य नव्हे. खडबडीत रस्त्यावर अतिकडक गाडीची चाके उडतात आणि हवेतले चाक ना वळवू शकते, ना थांबवू शकते. ज्याच्याजवळ पैसा मोजकाच आहे त्याने महागड्या नावापेक्षा अचूक तोलाईवर, परस्परांना अनुरूप अशा स्प्रिंग-डँपरच्या जोडीवर आणि शेवटी चाकांच्या काळजीपूर्वक अलाइनमेंटवर तो खर्चावा. गाडी वेगवान होईलच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती चालकाच्या आज्ञेत राहील.