मेसाईदच्या टाक्या

हायड्रोजनचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा तो तयार कसा करायचा याभोवती फिरते. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन सुटा होतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दिसतं. खरी कसोटी पुढे लागते. हा वायू द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्यातल्या ऊर्जेच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी ऊर्जा खर्ची पडते. दाबाखाली पोलादी नळातून नेला तर त्याचे अणू धातूत शिरतात आणि पोलाद ठिसूळ होतं. त्यामुळे नैसर्गिक वायूच्या जुन्या पाइपलाइनी तपासल्याशिवाय त्याच्यासाठी वापरता येत नाहीत.

या अडचणीवर कतारच्या हाताशी एक जुना तोडगा आहे. दोहाच्या दक्षिणेला मेसाईद हे औद्योगिक बंदर आहे. तिथल्या ‘काफ्को’ या खत कंपनीची स्थापना १९६९ची. उत्पादन १९७३ला सुरू झालं. कतारचा द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजात चढला तो १९९६मध्ये. म्हणजे वायूच्या श्रीमंतीच्या दोन दशकं आधीपासून मेसाईदची माणसं हायड्रोजन बनवत होती आणि नायट्रोजनशी जोडून अमोनियाच्या रूपात साठवत होती.

अमोनिया साध्या वातावरणीय दाबाला उणे ३३ अंशांवरच द्रव होतो. वजनाने त्यात साडेसतरा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो. गंमत अशी, की एक लिटर द्रव अमोनियात जेवढा हायड्रोजन मावतो, तेवढा एक लिटर शुद्ध द्रव हायड्रोजनमध्येही नसतो. अमोनियात तो दीडपटीहून जास्त भरतो. साठवणीच्या टाक्या उष्णतारोधक असतात. बाहेरच्या उन्हाने आतला थोडा द्रव सतत उकळत राहतो. ती वाफ कॉम्प्रेसरने ओढून, पुन्हा थंड करून टाकीत परत सोडतात. अमोनियाच्या कारखान्यात उंच काठीवर वारा दाखवणारी कापडी पिशवी असते. गळती झाली तर वाऱ्याला आडवं पळायचं, हे कामगाराला पहिल्या दिवशीच शिकवलं जातं. वायू विषारी आहे, आणि या वाटेची ही किंमत लपवून चालणार नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये ‘कतार एनर्जी’ या सरकारी कंपनीने मेसाईदलाच ‘अमोनिया-७’ प्रकल्प जाहीर केला: वर्षाला १२ लाख टन. नोव्हेंबर २०२४मध्ये कतारचे अमीर शेख तमीम यांच्या हस्ते पायाभरणी झाली. यातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतूनच निघणार. मात्र वर्षाला १५ लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडायचा, म्हणून हा अमोनिया ‘निळा’. कारखान्याला ३५ मेगावॅटपर्यंत वीज मेसाईदच्या सौर प्रकल्पातून मिळणार आहे.

मग हिरवा, म्हणजे सौर विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनचा, का नाही? हिशेब मांडून पाहा. १२ लाख टन अमोनियात सुमारे २.१ लाख टन हायड्रोजन असतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे वर्षाला हजार कोटी युनिटांहून अधिक. दोहाच्या पश्चिमेला, वाळवंटात, ऑक्टोबर २०२२मध्ये ८०० मेगावॅटचा अल खरसाह सौर प्रकल्प सुरू झाला. तसे पाच-सहा प्रकल्प या एकाच कारखान्याला जुंपावे लागतील. शिवाय पाणी समुद्राचं गोडं करून वापरायचं. माझ्या मते कतारचा क्रम म्हणूनच समजण्यासारखा आहे: टाकी, धक्का आणि जहाज यांना हायड्रोजनचा रंग कळत नाही. ते आज निळ्यासाठी उभे राहिले तर उद्या हिरव्यासाठीही चालतील. धोका एवढाच, की स्वस्त वायू हाताशी असेपर्यंत तो ‘उद्या’ पुढे ढकलला जाईल.

आपल्यासाठी हे लांबचं प्रकरण नाही. कतारचा वायू २००४पासून गुजरातेत दहेजला उतरतो, आणि दहेज-उरण पाइपलाइन महाराष्ट्रात येते. फेब्रुवारी २०२४मध्ये हा वायू आयात करणाऱ्या ‘पेट्रोनेट’ कंपनीने वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२८पासून पुढे वीस वर्षांसाठी वाढवला. अलिबागजवळ थळला ‘आरसीएफ’ या खत कंपनीचा कारखाना वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया करतो. विदर्भातल्या कापसाला पडणाऱ्या खताची वाट इथून जाते. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, जुलैत राज्याचं धोरण आलं. दोन्हींत चर्चा मुख्यतः उत्पादनाची झाली. थळसारख्या ठिकाणी अमोनिया हाताळणारे ऑपरेटर, त्यांचे फिटर, गळतीच्या सरावात अंगवळणी पडलेली शिस्त आधीच आहे. हिरव्या अमोनियाच्या नव्या टाक्या कोकण किनाऱ्यावर कुठे उभ्या करायच्या, हे ठरवताना पहिली विचारणा याच माणसांकडे व्हायला हवी, आणि दुसरी टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्या गावांकडे.