वऱ्हाडचे युवराज : वारस जन्माने ठरतो की मान्यतेने?

राजाचा वारस कोण ठरवतं? आपण सहज म्हणतो, जन्म ठरवतो. बापानंतर थोरला मुलगा. पण इतिहास बघितला की हे उत्तर टिकत नाही. आज तीन उदाहरणं घेऊ. त्यातलं एक आपल्या घरचंच आहे.

पहिलं इंग्लंडचं. तिथली गादी वंशपरंपरागत खरी, पण १७०१च्या कायद्यानं संसदेनं ती हॅनोव्हरच्या सोफियाच्या प्रॉटेस्टंट वंशजांपुरती बांधून टाकली. रक्तानं अधिक जवळचे कॅथलिक नातेवाईक बाजूला पडले. २०१३ साली संसदेनंच पुन्हा नियम बदलला : २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या मुलीला धाकट्या भावाच्या मागे सारायचं नाही. म्हणून आज राजे तिसरे चार्ल्स यांच्यामागे विल्यम, मग जॉर्ज, मग शार्लट आणि तिच्यामागे धाकटा लुई, असा क्रम लागतो.

दुसरं नागपूरचं. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस मुलगा नव्हता. आपल्या परंपरेत दत्तक मुलगा हा मुलगाच. पण डलहौसीनं दत्तकाचा हक्क मानला नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं.

तिसरं आपलं. यवतमाळ म्हणजे वऱ्हाड, आणि वऱ्हाड निजामाचं. १८५३ च्या तहानं, फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, ते कंपनीच्या कारभारात गेलं. १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी ते परत मागितलं, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी ठणकावून नाही म्हटलं. मग १९३६ मध्ये तोडगा निघाला. निजामांच्या किताबात ‘वऱ्हाड’ आलं, आणि त्यांचे थोरले चिरंजीव आझम जाह झाले ‘प्रिन्स ऑफ बेरार’. इंग्लंडच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात, तसंच हे. कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. म्हणजे नाव यांचं, मुलूख त्यांच्या हातात!

गंमत बघा. त्याच १९३६च्या डिसेंबरात, पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स असलेले आठवे एडवर्ड गादी सोडून गेले. आणि आपले प्रिन्स ऑफ बेरार? ते गादीवर कधी बसलेच नाहीत. १९६७ मध्ये निजाम वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नातू मुकर्रम जाह यांना भारत सरकारनं वारस म्हणून मान्यता दिली. १९७१च्या घटनादुरुस्तीनं तर ही मान्यताच संपली.

यातून काय दिसतं? जन्म फक्त उमेदवार पुढे करतो. राजा करते ती मान्यता. कुठं ती संसद देते, कुठं गव्हर्नर जनरल नाकारतो, कुठं बापच फिरवतो. आता खरा प्रश्न असा की, मान्यता देण्याचा अधिकार कोणाचा? १८५३, १९०२, १९३६ – तिन्ही वेळा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. त्याला पहिल्यांदा सर्वांच्या बरोबरीनं विचारलं गेलं ते १९५१-५२च्या निवडणुकीत.

म्हणून सांगतो, मान्यता देणारे आता आपण आहोत. नुसतं आडनाव बघून मत दिलं, तर किताब पुन्हा जन्मालाच दिल्यासारखं होईल. यावर जरूर विचार करा.