सिनसिनवार जाट : मृतांचा मान आणि कुळाचा इतिहास

राजस्थानातील डीगजवळच्या सिनसिनी गावावरून नाव मिळालेले सिनसिनवार हे जाट समाजातील एक ‘गोत’, म्हणजे एका मूळ पुरुषापासून आपली उत्पत्ती मानणारे आणि आपसात सोयरीक न करणारे कूळ होय. भरतपूरचे राजघराणे याच कुळातले. शेतकरी कुळातून हे राजघराणे कसे घडले, हे लढायांइतकेच त्याने मृतांना, मग ते आपले असोत वा शत्रूचे, कसे वागवले यावरूनही उमगते.

औरंगजेबाच्या राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्या याच कुळातल्या राजाराम जाटाच्या माणसांनी सिकंदरा येथील अकबराची कबर लुटली आणि अस्थी उकरून जाळल्या, असे इटालियन प्रवासी मनुची लिहितो. दफनाचा धर्म पाळणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठी विटंबना नव्हती. राजाराम १६८८ मध्ये लढाईत पडला. पुढे १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले, तेव्हा मात्र वेढ्यात सापडलेल्या भरतपूरच्या सूरजमल राजाने त्या शत्रूच्या स्मरणार्थ छत्री उभारल्याचे सांगितले जाते, आणि कुंभेर परिसरातील गांगरसोली येथे ती आजही आहे.

खुद्द सूरजमलाचा देह मात्र कुळाच्या हाती लागला नाही. २५ डिसेंबर १७६३ रोजी दिल्लीजवळ हिंडन नदीकाठी नजीबखान रोहिल्याशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. शास्त्रात अशा वेळी पालाशविधीची, म्हणजे पानांची प्रतिमा करून तिचे दहन करण्याची सोय आहे; परंतु परंपरा असे सांगते की, राणीने जपून ठेवलेल्या राजाच्या दोन दातांवरच गोवर्धन येथे अंत्यसंस्कार झाले. तेथील कुसुम सरोवराच्या काठी त्याचा पुत्र जवाहरसिंह याने बांधलेल्या भव्य छत्रीच्या छतावर कृष्णलीलांची चित्रे आहेत.

सामान्य जाट कुटुंबात दहनानंतर अस्थी, म्हणजे तिकडच्या बोलीतली ‘फूल’, वेचून सोरों किंवा हरिद्वार येथे गंगेत सोडतात. तेथील पंडे आपल्या वह्यांत मृताचे नाव आणि वंशावळ नोंदवतात, त्यामुळे ज्या शेतकऱ्यांचा इतिहास कोणत्याही दरबारी बखरीत आला नाही, त्यांच्याही कित्येक पिढ्या तिथे कागदावर टिकून राहिल्या. तेराव्या दिवशी ‘तेरहवीं’ होते, थोरल्या मुलाच्या डोक्यावर बिरादरीसमोर पगडी बांधून घराची जबाबदारी त्याच्याकडे सोपवली जाते, आणि मग मृत्युभोज घातला जातो. या जेवणावळींनी असंख्य घरे कर्जात बुडवली. राजस्थानने १९६० मध्ये कायद्याने त्यांवर बंदी आणली, ती अगदी योग्यच होती.

विधवेला सती जाण्यास न लावता बहुधा दिराशी तिचा ‘करेवा’, म्हणजे चादर पांघरून केलेला पुनर्विवाह, लावण्याची जाटांची जुनी रीत आहे. या रीतीने स्त्रीला जीवन आणि संसार दिला हे खरे, परंतु जमीन घराबाहेर जाऊ नये हाही तिचा एक हेतू होता आणि त्यापुढे त्या स्त्रीची संमती अनेकदा दुय्यम ठरली.