सिलोनच्या चहाचं नागरिकत्व

कॉफी मेली नसती तर सिलोनचा चहा जन्मलाच नसता. 1815 मध्ये इंग्रजांनी कँडीचं राज्य घेतलं आणि पुढच्या दोन पिढ्यांत बेटाच्या मधल्या डोंगरांवरचं जंगल साफ करून उतारच्या उतार कॉफीखाली आणले. 1869 मध्ये या कॉफीच्या पानांवर, खालच्या अंगाला, नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. पुसायला गेलं तर बोट रंगायचं. पानं गळायची, पुन्हा फुटायची, पुन्हा गळायची, आणि काही हंगामांत झाड पार थकून जायचं. तांबेराच तो. मळेवाल्यांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही, कारण बाजारात कॉफीचे भाव चढे होते. पोती कमी भरली तरी पैसा येत होता. 1880 मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ मुद्दाम तिथे पाठवला गेला. रोगाचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात आणि मैलोन्‌मैल एकच पीक असल्यामुळे त्यांना कुठेच आडकाठी होत नाही, हे त्याने दाखवून दिलं. निदान अचूक होतं, पण औषध नव्हतं. 1884 मध्ये ओरिएंटल बँक बुडाली आणि कित्येक मळेवाले तिच्यासोबत बुडाले. मेलेल्या कॉफीची खोडं सोलून इंग्लंडला पाठवली गेली आणि तिथे त्यांचे चहाच्या टेबलांना पाय केले गेले, असं सांगतात. खरं असो-नसो, गोष्ट झकास आहे.

चहा तोवर बेटावर आलेला होता, पण कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पेरादेनियाच्या सरकारी बागेत आसामचं बियाणं 1839 मध्येच आलं होतं. त्याचा मळा करून दाखवला तो जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने. सोळा-सतराव्या वर्षी, 1852 मध्ये, तो कॉफीच्या मळ्यावर नोकरीला आला आणि कँडीजवळच्या लूलकंदेरा मळ्यावरच त्याचं आयुष्य गेलं. 1867 मध्ये त्याने तिथे 19 एकरांवर चहा लावला. त्याचा पहिला कारखाना म्हणजे राहत्या बंगल्याचा व्हरांडा. मजूर टेबलावर पानं ठेवून मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने ती रगडायचे आणि मातीच्या चुलीवर, कोळशाच्या धगीत, तारेच्या जाळीवर ती वाळवली जायची. 1873 मध्ये इथून लंडनला गेलेला चहा होता अवघा 23 पौंड. शतक संपता संपता चहाखालची जमीन चार लाख एकरांच्या घरात पोचली होती. मध्ये काही वर्षं लोकांनी सिंकोना लावून पाहिला. त्याच्या सालीतल्या क्विनाइनला भाव होता म्हणून सगळ्यांनीच लावला आणि सगळ्यांनीच लावला म्हणून भाव कोसळला. मग उरला तो चहा.

टेलरला मात्र हे वैभव फारसं लाभलं नाही. 1892 मध्ये मळ्याच्या मालकांनी त्याला कामावरून दूर केलं आणि थोड्याच दिवसांत आमांशाने तो गेला. त्याच्या नावाची दगडी खूण कँडीच्या दफनभूमीत आहे. नाव जगभर गेलं ते ग्लासगोच्या एका किराणा दुकानदाराचं. टॉमस लिप्टन 1890 मध्ये सिलोनला आला, पडत्या भावात हपुतळेकडचे मळे घेतले आणि मधले दलाल टाळून स्वतःच्या दुकानांत स्वस्त चहा विकू लागला. इंग्लंडमधल्या कामगाराच्या घरात चहा पोचला तो अशा पुड्यांतून. लिप्टनने चहा पिकवायची नवी रीत शोधली नाही, विकायची शोधली. तोवर कोलंबोचा लिलावही सुरू झाला होता, 30 जुलै 1883 पासून, आणि तो अजून चालू आहे.

या सगळ्या इतिहासात एक बदल झाकला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. कॉफीचा हंगाम असतो. फळं पिकली की तमिळ मुलखातून टोळ्या यायच्या, तोडणी करायच्या आणि बहुतेक माणसं गावी परतायची. चहाला हंगाम नाही. झुडपाला सात ते दहा दिवसांत नवा फुटवा येतो आणि तो वेळेत खुडला नाही तर पान जून होतं, वाया जातं. म्हणजे बारा महिने माणसं हवीत, तीही हाताने हलकी, कमी मजुरीत राबणारी. मळेवाल्यांनी बाया-मुलांसकट कुटुंबं आणवली. तिरुचिरापल्ली, मदुराई, तंजावर, सेलम, पुदुक्कोट्टै इथली, बहुतेक दलित किंवा खालच्या मानल्या गेलेल्या जातींची, दुष्काळाने पिडलेली. सुरुवातीच्या काळात ती होडीने मन्नारला उतरायची आणि जंगलातून मातळेपर्यंत पायी चालायची. पटकी-हिवतापाने वाटेतच कितीतरी मेली.

आणणारा असायचा कांगाणी. आपल्याकडचा ऊसतोड टोळीचा मुकादम डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कांगाणी कळेल. गावात जाऊन उचल द्यायची, त्या उचलीवर माणूस बांधून घ्यायचा आणि मळ्यावर त्याच्याच डोक्यावर उभं राहायचं. मजुराला मळा बदलायचा तर ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी लागायची. नव्या मालकाने जुनं कर्ज फेडलं तरच सुटका. म्हणजे कर्जासकट माणसाची विक्रीच. ही तुंडू पद्धत 1921 मध्ये बंद झाली.

मळ्यावरचं काम जवळून पाहिलं तर हे बांधलेपण आणखी स्पष्ट होतं. बाई पहाटे उठून घरचं उरकते आणि सात-साडेसातला उतारावर हजर होते. पाठीवर टोपली किंवा गोणी, तिचा पट्टा डोक्यावर. दोन पानं आणि एक कळी, असं दोन्ही हातांनी खुडत जायचं. हात झुडपावर, डोळे पुढच्या फांदीवर आणि पायाखाली जळवा. दिवसाकाठी अठरा-वीस किलो हिरवं पान भरलं तर पूर्ण हजेरी, नाही तर अर्धी. वजनकाट्यावर पाणी आणि गोणी यांच्या नावाने एक-दोन किलो कापतात, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खुडायला बहुधा बाई आणि काट्याशी वही घेऊन बहुधा पुरुष. साधारण साडेचार किलो पानातून एक किलो चहा होतो. त्यासाठी बारा-चौदा तास पान सुकवायचं, यंत्रात वळायचं, दोन-तीन तास ओलसर गार खोलीत तांबूस होऊ द्यायचं आणि मग गरम हवेने भाजायचं. सिलोनने ही जुनी रीत बव्हंशी सोडलेली नाही. आपल्या टपरीवर उकळतो तो दाणेदार सीटीसी चहा वेगळा. त्याचं यंत्र 1930 च्या सुमारास आसामात आलं. सिलोनची लांब वळलेली पत्ती दूध-साखरेत दहा मिनिटं उकळणं म्हणजे तिचा अपमान. पुणेरी अमृततुल्यवाला तिला पहिल्याच दिवशी परत पाठवेल आणि ते दोघांच्याही भल्याचंच असेल.

1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झालं. परकीय चलनातला निम्म्याहून जास्त वाटा चहाचा होता आणि चहा होता डोंगरातल्या तमिळ मजुरांच्या हातात. नव्या सरकारने पहिल्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा केला. बाप, किंवा आजा-पणजा, याच बेटावर जन्मल्याचा पुरावा आणा, म्हणे. मळ्यावरच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत, जन्मलेल्यांच्या आज्याचा दाखला कुठून येणार? पुढच्या वर्षी मतदानाचा हक्कही गेला. या मजुरांनी 1947 च्या निवडणुकीत स्वतःचे उमेदवार निवडून आणले होते आणि डाव्या पक्षांनाही मतं दिली होती, ही खरी बोच. सात लाखांहून जास्त माणसं एका फटक्यात कुठल्याच देशाची राहिली नाहीत. नेहरू म्हणत की ही सिलोनचीच माणसं आहेत. सिलोन म्हणे, भारताची. पंधराएक वर्षं हा घोळ चालला.

30 ऑक्टोबर 1964 रोजी सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदारनायके आणि भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी करार केला. एकूण 9 लाख 75 हजार माणसं. त्यांतली 5 लाख 25 हजार भारताने घ्यायची, 3 लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं पुढे पाहू. त्या दीड लाखांची 1974 मध्ये इंदिरा गांधींच्या काळात निम्मी-निम्मी वाटणी झाली. वाटणी झालेल्या माणसांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. कराराला दोन महिनेही झाले नव्हते तोच डिसेंबरच्या वादळाने धनुष्कोडी पुसलं, म्हणजे ज्या बंदरातून ही ये-जा व्हायची तेच गेलं. पुढच्या बोटी रामेश्वरमहून सुटू लागल्या. आणि 1965 मध्ये, करार होऊन वर्ष उलटतंय तोवर, सिलोन जगातला सर्वांत मोठा चहा निर्यातदार ठरला. या दोन घटना शेजारी ठेवून वाचायची सवय इतिहासाच्या पुस्तकांना नाही.

परत आलेल्यांसाठी तामिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे सरकारी मळे काढले. म्हणजे मायदेशी येऊन पुन्हा तेच: दोन पानं, एक कळी. गुडलूर, कोटगिरीकडे आजही त्यांना ‘सिलोनवाले’च म्हणतात.

1972 मध्ये देशाने नाव बदललं, श्रीलंका झाला. आपल्याकडे तोवर सिलोन म्हणजे रेडिओ आणि बुधवारची बिनाका गीतमाला. ते नाव आपल्या तोंडून गेलं नाही. चहाच्या पुड्यावरूनही गेलं नाही, पण त्यामागे हिशेब होता. बाजारात नाव व्हायला शंभर वर्षं लागलेली असतात, ते कोण सोडेल? आजही ‘सिलोन टी’ आणि तलवारधारी सिंहाचं चिन्ह ही सरकारी मोहोर आहे, आणि बेटावरच बांधलेल्या शुद्ध चहालाच ती मिळते. पानाने कुठे जन्मलं पाहिजे याचा नियम इतका चोख. आणि देशाचं नाव बदललं त्याच वर्षांत ते पान खुडणाऱ्या बायका बाडबिस्तारा बांधून, भारताकडे बोटी सुटायच्या त्या तलैमन्नारच्या धक्क्यावर रांगेत उभ्या होत्या.

सत्तरचं दशक मळ्यांना सगळ्याच अंगांनी वाईट गेलं. 1972 आणि 1975 च्या कायद्यांनी मळे सरकारजमा झाले. गोरे मालक गेले याचं दुःख कुणी करू नये, पण त्यांच्या जागी आलेल्या कारभाऱ्यांना चहाचं फार थोडं कळत होतं. 1973-74 च्या धान्यटंचाईत मळ्यांवर माणसं भुकेने मेली. 1977 आणि 1983 च्या तमिळविरोधी दंगलींत लाइनी जळल्या. बोटी 1984 मध्ये थांबल्या, म्हणून कराराप्रमाणे जायचे होते त्यांतले बरेच तिथेच राहिले. 1992 मध्ये सरकारने तोट्यातल्या मळ्यांचा कारभार खाजगी कंपन्यांकडे दिला. जमीन मात्र सरकारचीच राहिली. शेवटच्या बिनदेशी माणसाला नागरिकत्व देणारा कायदा झाला तो 2003 मध्ये.

याच काळात चहा डोंगर उतरून खाली आला. पर्यटकांच्या फोटोंत असते ती नुवारा एलियाची उंची आणि धुकं. पण आज श्रीलंकेचा जवळपास तीन चतुर्थांश चहा लहान शेतकऱ्यांचा आहे आणि त्यातला मोठा भाग गॉल, मातर, रत्नपुराकडच्या सखल, दमट मुलखातला. शेतकरी बहुतेक सिंहली, तुकडा एक-दोन एकरांचा. इथलं पान भराभर वाढतं, काळं कुळकुळीत आणि दाट वळतं आणि नेमकं हेच इराक, इराण, तुर्कस्तान, रशियातल्या लोकांना आवडतं. इंग्लंड केव्हाच मागे पडलं. डिसेंबर 2021 मध्ये श्रीलंकेने इराणकडच्या तेलाची 25 कोटी 10 लाख डॉलरची उधारी दरमहा 50 लाख डॉलरचा चहा पाठवून फेडायचं ठरवलं.

ते वर्षच विचित्र होतं. एप्रिल 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली. कारण सांगितलं आरोग्याचं. तिजोरीत डॉलर नव्हते हेही कारण होतंच. चहाचं झुडूप वर्षभर पान देतं म्हणून त्याला नत्र लागतं, आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करता येतं, एका राजपत्राने नाही. नोव्हेंबरात बंदी उठली, पण झुडपांची उपासमार होऊन गेली होती. 2021 मध्ये 30 कोटी किलोच्या आसपास असलेलं उत्पादन 2022 मध्ये 25 कोटींवर आलं. कॉफीला तांबेऱ्याने खाल्लं तेव्हा निदान शत्रू बाहेरचा होता. त्याच 2021 मध्ये, वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर, मळ्यावरची रोजंदारी 1000 रुपये झाली होती. वर्षभरात रुपया डॉलरला 200 वरून 360 पर्यंत घसरला आणि वाढ होती तशी विरून गेली.

जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये या समाजातले लोक तलैमन्नारहून मातळेपर्यंत चालत गेले. पूर्वज ज्या वाटेने आले तीच वाट; बेटावर येऊन 200 वर्षं झाली म्हणून. ते स्वतःला ‘मलैयह’ म्हणवतात, डोंगरातले तमिळ. ‘भारतीय वंशाचे’ हे सरकारी बिरुद त्यांतल्या बऱ्याच जणांना आता नको आहे. मागण्यांत पहिल्या रांगेत होती जमीन. दहा बाय बाराच्या लाइनीतल्या खोलीत चौथी-पाचवी पिढी राहते आणि खोलीखालची जागा अजून मळ्याची आहे. काम सोडलं तर छप्परही डळमळतं.

तरुण मुलींनी यावर आपला मार्ग काढला आहे: कोलंबोतले कपड्यांचे कारखाने, दुकानं, आखातातली घरकामं. कंपन्यांच्या मळ्यांवर 1990 च्या दशकारंभी तीन लाखांवर मजूर होते. आता ते दीड लाखाच्याही आत आहेत. डोंगरातले कितीतरी उतार गवताने भरून गेलेत, कारण खुडायला हात नाहीत. तेव्हा काही कंपन्यांनी नवी व्यवस्था आणली आहे: प्रत्येक कुटुंबाला ठराविक झुडपं नेमून द्यायची, निगा त्यांनीच राखायची, पान कंपनीला किलोच्या भावाने विकायचं. सखल भागातला सिंहली शेतकरी हेच करतो, आणि उत्पन्नही जास्त काढतो. फरक इतकाच की त्याचा तुकडा त्याच्या नावावर आहे. मळ्यावरच्या कुटुंबाला झुडपं मिळाली आहेत सांभाळायला. सातबारा म्हणाल तर तो अजून मिळालेला नाही.