अपरिचित नदी आणि जेट नौका : सस्क्वेहॅनातील स्मॉलमाउथ बासची मासेमारी

अमेरिकेच्या पूर्वभागातील सस्क्वेहॅना ही नदी रुंदीने मोठी, परंतु खोलीने अत्यल्प आहे. न्यूयॉर्क राज्यातील ऑट्सेगो सरोवरातून निघून, पेन्सिल्व्हेनिया ओलांडून, सुमारे ७१५ किलोमीटरांच्या प्रवासानंतर ती चेसापीक उपसागरास मिळते. हॅरिसबर्ग येथे तिचे पात्र जवळजवळ दीड किलोमीटर रुंद आहे. तथापि उन्हाळ्यात त्याच पात्रात ठिकठिकाणी माणूस गुडघाभर पाण्यातून चालू शकतो. ह्या शहराच्या उत्तरेस नदी अॅपलेशियन डोंगरांच्या रांगा एकामागून एक छेदीत येते आणि त्या रांगांचे कठीण थर पाण्याखाली आडव्या पायऱ्यांच्या रूपाने पात्रभर पसरलेले आहेत. नौका चालविणाऱ्यास जे टाळावयाचे असते ते येथे हेच, आणि मासे धरणाऱ्यास जे शोधावयाचे असते तेही हेच.

अशा पात्रात नेहमीचे पंख्याचे यंत्र टिकत नाही. पंखा नौकेच्या तळाखाली लोंबतो आणि पहिल्याच खडकावर मोडतो. ह्या अडचणीवरचा व्यवहार्य उपाय न्यूझीलंडमध्ये निघाला. तेथील उथळ, गोट्यांच्या नद्यांतून वर चढता यावे म्हणून विल्यम हॅमिल्टन ह्यांनी १९५४च्या सुमारास जेट नौका सिद्ध केली. १९६० मध्ये अशा नौका कोलोरॅडो नदीच्या महादरीतून प्रवाहाविरुद्ध चढल्या. भारतीय वाचकास ह्या नौका सर एडमंड हिलरी ह्यांच्या १९७७च्या गंगायात्रेमुळे परिचित असतील. सागरापासून हिमालयाकडे निघालेली ती मोहीम जेट नौकांतूनच झाली होती.

यंत्राची रचना साधी आहे. तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, फिरते चक्र त्यास दाब देते आणि ते तोटीतून मागे जोराने फेकले जाते. ह्या फेकीने नौका पुढे जाते, आणि तोटी वळविली की नौका वळते. वेगळे सुकाणू नसते. ह्याचा परिणाम नवख्याच्या ध्यानात उशिरा येतो : धोका दिसताच तो वेग कमी करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी दिशा बदलण्याचे साधन गमावून बसतो. दुसरी गोष्ट तरण्याची. सपाट तळाची अॅल्युमिनियमची नौका वेगात असता पाण्यावर उचलली जाते व काही इंच पाण्यावरून निघून जाते. वेग मंदावताच तिचा मागील भाग खाली बसतो आणि तिला त्याहून पुष्कळ अधिक खोली लागते. म्हणून जेथून धावत जाता येते तेथे थांबता येतेच असे नाही. जाळीत गवत किंवा गोटे अडकले तर हे थांबणे अनिच्छेनेच घडते, आणि सस्क्वेहॅनात भर उन्हाळ्यात पाणगवताची वाण नसते. यंत्राने नदी सुलभ केली असे म्हणण्यापेक्षा चुकांचा वेग वाढविला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ह्यास्तव अपरिचित पात्रात प्रथम प्रवाहाविरुद्ध वर जाण्याचा प्रघात आहे. वर चढताना जमिनीच्या मानाने वेग कमी राहतो, विचारास अवधी मिळतो, आणि नौका अडली तर प्रवाह तिला खडकापासून मागे सारतो. उताराला जाताना तोच प्रवाह तिला खडकावर दाबून धरतो. पृष्ठभागावरील खुणा ह्या वेळी टिपावयाच्या. पाण्यावर उमटलेल्या ‘व्ही’ आकृतीचे टोक उताराच्या दिशेस असेल तर दोन अडथळ्यांमधून वाट आहे. टोक वरच्या बाजूस असेल तर तेथे खडक दडलेला आहे. सरळ आडवी रेघ दिसली तर पायरी समजावी. गुळगुळीत फुगवटा व त्याच्या खालच्या अंगास खळबळ दिसली तर खडक पृष्ठभागाच्या अगदी निकट आहे.

सस्क्वेहॅनात ह्या नियमाला एक ऐतिहासिक अपवाद आहे. ईल मासे पकडण्यासाठी पूर्वीच्या मूलवासी लोकांनी, व पुढे वसाहतकारांनी, पात्रात दगडांच्या लांब भिंती रचल्या. त्यांपैकी कित्येकांचे अवशेष अद्याप पाण्याखाली आहेत. त्यांच्या दोन भुजा उताराकडे एकत्र येतात, म्हणजे वरून पाहता त्या वाट दाखवितात असाच भास होतो. वस्तुतः त्या भुजा माशांना सापळ्याकडे नेण्यासाठी होत्या.

वर पोचल्यावर यंत्र बंद करून नौका प्रवाहाबरोबर सोडून देतात आणि खरी मासेमारी सुरू होते. आता त्याच खुणांचा अर्थ उलटतो. स्मॉलमाउथ बास हा वाहत्या, खडकाळ पाण्याचा मासा असून क्रेफिश हे त्याचे आवडते भक्ष्य खडकांच्या फटींत राहते. प्रवाहाशी सतत झुंजणे त्यास परवडत नाही. म्हणून तो खडकामागील संथ पाण्यात, धारेच्या कडेस उभा राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो. वर येताना ज्या खडकाला वळसा घातला त्याच्याच मागे आता गळ टाकावयाचा. हिवाळ्यात मात्र हे मासे खोल, संथ डोहांत जमतात आणि उन्हाळी टिपणाचा ह्या कामी फारसा उपयोग होत नाही.

टिपणाबरोबर पाण्याची पातळी लिहिणे आवश्यक असते. हॅरिसबर्ग येथे जलमापनाची दीर्घ नोंद उपलब्ध आहे. पातळी अर्ध्या फुटाने उतरली तरी कालची वाट आज बंद होऊ शकते. पाणी उतरलेले असताना उघडे खडक पाहून ठेवणे हा उत्तम अभ्यास. ह्याच शहरात डॉक स्ट्रीटचा ठेंगणा बंधारा आहे. वरच्या बाजूने त्याची कड दिसतच नाही आणि त्याखालचे गोल फिरणारे पाणी नौकेस सोडीत नाही. तेथे अनेकांचे प्राण गेले आहेत.

हा मासा मूळचा ह्या नदीचा नव्हे. त्याचे मूळ क्षेत्र महासरोवरे व मिसिसिपीचे खोरे. १८५४ मध्ये ओहायो खोऱ्यातील काही बास आगगाडीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅकच्या खोऱ्यात आणले गेले. सस्क्वेहॅनातही तो त्याच शतकात माणसानेच सोडला. २००५च्या उन्हाळ्यात ह्या नदीत त्याची पिले अंगावर व्रण होऊन मोठ्या संख्येने मेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय विश्लेषणास एकच कारण निश्चित करता आले नाही. अंतःस्रावी यंत्रणेत बिघाड करणारी रसायने व तणनाशके, आणि रोगजंतू व परोपजीवी, ही कारणे त्याने सर्वाधिक संभाव्य मानली. तत्पूर्वी, २०११ पासूनच, नदीच्या मधल्या भागात पकडलेला बास तत्काळ पाण्यात सोडण्याचा नियम लागू झाला होता. वसंत ऋतूत नर मासा उथळ गोट्यांतील घरट्यावर पहारा देतो. तो गळाला लागून दूर गेला की इतर मासे अंडी खातात. अनोळखी पाण्यात ही घरटी ओळखणे खडक ओळखण्याहून अवघड जाते, कारण पृष्ठभागावर त्यांची खूण उमटत नाही.