वायरलेस चार्जिंग : वीज देतो चार्जर, पण किती घ्यायची ते ठरवतो फोन!

मे महिन्यात विदर्भाचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. अशा उन्हात नागपूर-अमरावती महामार्गावरून कारंजा (घाडगे)कडे जाताना गाडीतल्या वायरलेस पॅडवर ठेवलेला फोन मध्येच चार्ज व्हायचा थांबतो. पॅड बिघडला असं वाटतं. पण अनेकदा पॅड ठणठणीत असतो. फोननेच त्याला 'आता पुरे' असं सांगितलेलं असतं.

तार नसताना हे सांगणं पोहोचतं कसं?

वीज येते कुठून?

पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, म्हणजेच कॉइल. तिच्यातला प्रवाह सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलतो आणि भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फोनच्या पाठीमागच्या कॉइलमध्ये त्यामुळे वीज निर्माण होते. बहुतेक फोन यासाठी 'ची' नावाचं मानक पाळतात. 2008 मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या संस्थेने ते तयार केलं आहे.

फोन बोलतो कसा?

विहिरीत उतरलेला माणूस दोर हलवून वरच्याला इशारा देतो, तसाच हा प्रकार आहे. फोन आपल्या कॉइलवरचा भार किंचित कमी-जास्त करतो. त्याचा हिसका पॅडच्या कॉइलला जाणवतो आणि या हिसक्यांतूनच 0 आणि 1 चे संदेश तयार होतात. मूळ मानकात हा वेग सेकंदाला 2000 बिट इतका आहे. फोटो पाठवायला तो अगदीच अपुरा, पण 'वाढव', 'कमी कर', 'थांब' एवढं सांगायला पुरेसा आहे.

टोलनाक्यावरचा फास्टॅगही याच जातीचा. त्यात बॅटरी नसते. यंत्राकडून आलेल्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर सांगतो.

बोलणं काय होतं?

पॅड आधी थोडी वीज सोडून चाचपणी करतो. फोन जागा होऊन आपली ओळख आणि गरज सांगतो. उत्तर आलं नाही, तर पॅड पुढे वीज देतच नाही. चार्जिंग सुरू झाल्यावर फोन सेकंदातून अनेकदा कळवतो, 'थोडी जास्त दे' किंवा 'थोडी कमी कर'. हे संदेश एक-दोन सेकंद आले नाहीत, की पॅड वीज बंद करतो. म्हणूनच फोन उचलला की चार्जिंग आपोआप थांबतं.

बॅटरी भरली, तापमान वाढलं, व्होल्टेज किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला, तर फोन थेट 'बंद कर' असा संदेश पाठवतो आणि त्यासोबत कारणही कळवतो.

मध्ये नाणं अडकलं तर?

खरा धोका इथे आहे. पॅड आणि फोनच्या मध्ये नाणं किंवा किल्ली राहिली, तर चुंबकीय क्षेत्रामुळे ती तापते. इथे हिशेब कामी येतो. फोन आपल्याला किती वीज मिळाली ते ठरावीक वेळाने कळवतो. पॅड तो आकडा आपण दिलेल्या विजेशी ताडून पाहतो. नेहमीची गळती वजा करूनही मोठी तूट दिसली, तर वीज दुसरीकडे मुरते आहे हे ओळखून तो पुरवठा तोडतो.

संदेश पोहोचायला उशीर झाला तर?

खड्ड्यात गाडी आदळली आणि फोन सरकला, तर व्होल्टेज क्षणात उसळू शकतं. संदेश जाऊन पॅडने वीज कमी करेपर्यंत वेळ नसतो. त्यासाठी फोनच्या रिसीव्हरमध्ये स्वतंत्र संरक्षण असतं. ते जादा वीज बॅटरीकडे जाऊ न देता बाजूला वळवतं.

मग आपण काय करायचं?

वायरलेस चार्जिंगमध्ये काही वीज उष्णता होऊन वाया जातेच. त्यात ऊन आणि सुरू असलेला नकाशा यांची भर पडते. आयफोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा, असं अ‍ॅपलच सांगतं. त्यामुळे उन्हाळ्यात फोन सावलीत ठेवा, जाड कव्हर काढा आणि पॅडवर धातूची वस्तू राहू देऊ नका. तरीही चार्जिंग थांबलं, तर फोन आधी थंड होऊ द्या. थंड झाल्यावरही ते सुरू झालं नाही, तरच पॅड दुरुस्तीला न्या.