पंधरा लाखांची नोंद

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातलं बूढ़ा तालाब आता कागदोपत्री विवेकानंद सरोवर आहे, आणि पाण्याच्या मधोमध स्वामीजींचा भलामोठा बैठा पुतळा आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त वडिलांच्या कामानिमित्त या गावात आला आणि जवळपास दोन वर्षं राहिला. तेव्हा रायपूरला रेल्वे पोचलेली नव्हती, त्यामुळे नागपूरच्या बाजूने पुढची वाट बैलगाडीची. बूढ़ापाऱ्याला हा मुक्काम एवढा मोलाचा की त्यासाठी तळ्याचं नाव बदललं. पण विवेकानंदांवरचा कुठलाही ज्ञानकोशातला लेख उघडा, रायपूरला एक-दोन ओळी मिळालेल्या दिसतात. त्यात अन्याय काही नाही. माणूस मोठा आहे म्हणून त्याच्या आयुष्यातली प्रत्येक घटना स्वतंत्र नोंदीला पात्र होत नाही. बहुतेक घटना त्याच्या चरित्रातच शोभतात. मग माणसाच्या तोंडचं एखादं वाक्य, तेही दिशाभूल करणारं, स्वतंत्र नोंदीला पात्र कधी होतं? या प्रश्नाचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण बूढ़ापाऱ्याहून जगदलपूरच्या रस्त्याने सुमारे १४० किलोमीटरवर, कांकेरला घडलं.

७ नोव्हेंबर २०१३. छत्तीसगड विधानसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान चार दिवसांवर होतं. भाजपचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी कांकेरच्या सभेत परदेशी बँकांतल्या काळ्या पैशाबद्दल बोलत होते. चोर-लुटेऱ्यांनी तिकडे ठेवलेले पैसे आपण परत आणले, तर हिंदुस्थानातल्या एकेका गरीब माणसाला १५-२० लाख रुपये फुकट, ‘यूँ ही’ मिळतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यात ‘तर’ आहे, ‘गरीब’ आहे आणि आकडाही पंधरा ते वीस असा सैल आहे. यात काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. बँकेचं खातं नाही, शंभर दिवसांची मुदत नाही, ‘मी देईन’ नाही. २०१४च्या जाहीरनाम्यात काळ्या पैशाबद्दल मजकूर होता, पंधरा लाख कुठेच नव्हते. तरीही आज गावच्या पारावर कुणालाही विचारा, वाक्य ऐकू येईल ते असं: मोदींनी प्रत्येकाच्या खात्यात पंधरा लाख टाकायचं कबूल केलं होतं. ‘तर’ गळाला, ‘वीस’ गळाले, ‘गरीब’चा ‘प्रत्येक’ झाला आणि खातं नव्याने उघडलं गेलं. युधिष्ठिराचं ‘कुंजरो वा’ शंखनादात बुडालं, तसा इथला ‘तर’ टाळ्यांत बुडाला. फरक एवढाच की कांकेरला बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, दोघांनाही तो बुडालेलाच सोयीचा होता.

वाक्य गाजलं एवढ्याने नोंद होत नाही, हे आधी मान्य करायला हवं. आर. आर. पाटलांचं ‘बडे बडे शहरों में’ २६/११नंतर इतकं गाजलं की त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. अजित पवारांचं २०१३च्या दुष्काळातलं धरणाबद्दलचं वक्तव्य आजही कुणाला आठवून द्यावं लागत नाही. त्यासाठी त्यांनी कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीवर आत्मक्लेश केला. पण ही दोन्ही वाक्यं आपल्या प्रसंगातून बाहेर पडली नाहीत. एकाची जागा मुंबई हल्ल्याच्या नोंदीत, दुसऱ्याची त्या दुष्काळाच्या आणि त्या नेत्याच्या नोंदीत. शिवाय ती उद्दाम होती, असंवेदनशील होती. दिशाभूल करणारी नव्हती. दिशाभुलीचं चोख उदाहरण अमेरिकेत सापडतं. ८ एप्रिल २०११ रोजी ॲरिझोनाचे सिनेटर जॉन काइल यांनी सिनेटमध्ये सांगितलं की प्लॅन्ड पेरेंटहुड या आरोग्यसंस्थेचं नव्वद टक्क्यांहून अधिक काम गर्भपाताचं आहे. संस्थेच्या हिशेबात तो वाटा तीन टक्के होता. विचारणा झाल्यावर काइल यांच्या कार्यालयाने खुलासा केला की ते विधान वस्तुस्थिती सांगण्याच्या हेतूने केलेलंच नव्हतं! विनोदवीरांना काही आठवडे पोटभर खाद्य मिळालं. मात्र त्यापुढे त्या वाक्याने कुठला कायदा अडवला नाही, की कुणाच्या घरात शिरून कुणाला काही करायला लावलं नाही. काइल यांच्या चरित्रात त्याला एक परिच्छेद पुरे, त्यासाठी वेगळी नोंद उघडण्याची गरज मला दिसत नाही.

कांकेरचं वाक्य मात्र प्रसंगातून बाहेर पडलं आणि एकटंच हिंडत राहिलं. फेब्रुवारी २०१५मध्ये अमित शहांनी एका वाहिनीच्या मुलाखतीत तो ‘जुमला’ होता असं सांगितलं. काइल यांच्या कार्यालयाचाच हा खुलासा, फक्त एका शब्दात बसवलेला. त्यामुळे तो टिकला आणि भारतीय राजकारणाच्या भाषेला एक शब्द देऊन गेला. पंधरा लाख कधी जमा होणार, असा माहिती अधिकारातला अर्ज केंद्रीय माहिती आयोगापर्यंत पोचला, आणि हा प्रश्न कायद्याच्या व्याख्येतली ‘माहिती’ नाही ही पंतप्रधान कार्यालयाची भूमिका २०१८च्या एप्रिलमध्ये आयोगाच्या आदेशात नोंदली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नितीन गडकरींची एका मराठी वाहिनीवरच्या कार्यक्रमातली चित्रफीत फिरली. सत्तेत येऊ असं वाटत नव्हतं, म्हणून मोठमोठी आश्वासनं द्यायचा सल्ला मिळाला, असं काहीसं ते त्यात हसत हसत सांगत होते. राहुल गांधींनी ती पंधरा लाखांच्या खात्यावर जमा केली. गडकरींनी उलट विचारलं की राहुलजी मराठी कधी शिकले. गडकरींच्या म्हणण्याप्रमाणे विषय महाराष्ट्रातल्या टोलचा होता, मोदींचं नाव नव्हतं की पंधरा लाखही नव्हते. म्हणजे एका दिशाभूल करणाऱ्या वाक्याने दुसऱ्या वाक्याचीही दिशाभूल केली. डिसेंबरात रामदास आठवले सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात म्हणाले की पंधरा लाख एकदम नाही, हळूहळू येतील. रिझर्व्ह बँक पैसे देत नाही. केंद्रातला मंत्रीच हप्ते पाडून देत होता! आणि २०२१ साली बिहारमधल्या खगड़िया जिल्ह्यात चुकून साडेपाच लाख जमा झालेल्या माणसाने ते खर्च करून टाकले, कारण त्याच्या मते तो पहिला हप्ता होता. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात तर थेट पंधरा लाखच आले. त्याने त्यातले सुमारे नऊ लाख काढून घर बांधलं, आणि काही महिन्यांनी कळलं की रक्कम ग्रामपंचायतीची होती. नोंदीला पात्र ठरतं ते असं वाक्य: ज्याला उत्तर द्यायला मंत्री, आयोग आणि बँका यांना वेळ काढावा लागला, आणि ज्याच्या भरवशावर कुणी विटा-सिमेंट आणलं.

इथे एक गोष्ट खटकते. ‘जुमला’ या शब्दाचा उर्दूतला अर्थ वाक्य. पण जुन्या मराठी हिशेबात जुमला म्हणजे एकूण बेरीज. आश्वासन होतं की नव्हतं या भांडणात अडकलेल्या दोन्ही बाजूंनी ही बेरीज क्वचितच मांडली. सव्वाशे कोटी माणसांना पंधरा लाख म्हणजे १,८७५ लाख कोटी रुपये. २०१३-१४मध्ये देशाचं सकल उत्पन्न सुमारे ११२ लाख कोटी होतं; त्याच्या सोळापटीहून जास्त. बरं, भाषणात म्हटल्याप्रमाणे फक्त गरीब धरू. नियोजन आयोगाच्या २०११-१२च्या मोजणीत ते सुमारे २७ कोटी. तरी ४०५ लाख कोटी लागतात. परदेशातला पैसा किती, याचा भाजपच्याच कृतिदलाने २००९च्या सुमारास केलेला अंदाज ५० हजार कोटी ते १ लाख ४० हजार कोटी डॉलर होता. वरचा आकडा घेतला आणि डॉलर ६२ रुपयांना धरला, तर होतात सुमारे ८७ लाख कोटी रुपये: दर गरिबाला सव्वातीन लाख, दर भारतीयाला सत्तर हजारांच्या आत. ग्लोबल फायनान्शियल इंटेग्रिटी या संस्थेच्या २०१०च्या अंदाजाने (४६,२०० कोटी डॉलर) दरडोई तेवीस हजारही भरत नाहीत. पुढे २०१५च्या कायद्याखाली लोकांनी स्वतःहून जाहीर केलेली परदेशी मालमत्ता ४,१०० कोटींच्या थोडी वर गेली, म्हणजे डोईमागे तेहतीस रुपये. दिशाभूल होती ती इथे. ‘तर’ लावल्याने वाक्य आश्वासनातून सुटतं, पण हिशेबातून सुटत नाही. पैसे आणले ‘तर’ पंधरा लाख मिळतील हेच मुळात खरं नव्हतं. सगळेच्या सगळे आणले असते तरी मिळाले नसते. भाजपचे समर्थक म्हणतात, आश्वासन नव्हतं, आणि ते शब्दशः बरोबर आहे. विरोधक म्हणतात, फसवलं, आणि तेही बरोबर आहे, फक्त ते चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. एवढी गुंतागुंत निवडणुकीच्या नोंदीतल्या दोन ओळींत मावणारी नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ज्ञानकोश म्हणजे आरोपपत्र नव्हे. एका नेत्याच्या एका वाक्याला वेगळी नोंद दिली की उद्या दुसऱ्या पक्षाचे लोक दुसऱ्या नेत्याची यादी घेऊन हजर होतील. आक्षेप हलका नाही, आणि तो किती खरा आहे हे बूढ़ापाऱ्यातच कळतं. तिथली सप्रे शाळा ज्यांच्या नावाने आहे ते माधवराव सप्रे मराठी घरातले आणि हिंदी पत्रकारितेचे पायाचे दगड. टिळकांचा ‘केसरी’ हिंदीत नेण्यासाठी त्यांनी १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, १९०८मध्ये राजद्रोहाखाली पकडले गेले आणि घरच्यांच्या दबावाखाली माफी लिहून देऊन सुटले. त्या माफीची सल त्यांनी पुढे जन्मभर बाळगली; रायपुरात एकांतात राहून रामदासांकडे वळले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. आता कुणी ‘सप्र्यांचे माफीपत्र’ अशी स्वतंत्र नोंद केली, तर त्यातली एकही ओळ खोटी नसताना ती नोंद खोटी होईल, कारण त्या कागदाचा अर्थ त्यापुढच्या अठरा वर्षांत आहे आणि ती वर्षं दुसऱ्या नोंदीत राहतील. पण याच कसोटीवर कांकेरचं वाक्य उलट बाजूला पडतं. सप्र्यांच्या माफीचा अर्थ त्यांच्या आयुष्यातून काढता येत नाही. पंधरा लाखांचा अर्थ मोदींच्या आयुष्यात फारसा नाहीच. तो आठवल्यांच्या हप्त्यांत, गडकरींच्या चित्रफितीत, खगड़ियाच्या खात्यात विखुरलेला आहे. तो त्यांच्या चरित्रात कोंबला तर चरित्रही बिघडतं आणि वाक्यही अर्धवट राहतं. स्वतंत्र नोंद इथे बोलणाऱ्यालाही न्याय देते, कारण मूळ वाक्य काय होतं आणि त्याला लोकांनी काय चिकटवलं, हे तिथेच वेगळं करून दाखवता येतं.

दुसरा आक्षेप जागेचा आणि काळाचा. केतकरांना ज्ञानकोश तेवीस खंडांत उरकायचा होता. वाईच्या विश्वकोशात एक नोंद वाढली की दुसरी आखडत असे. विकिपीडियाला कागद लागत नाही, म्हणून तिथे संयम कशाच्या जोरावर राखायचा? तिथली कसोटी अशी की विषयावर स्वतंत्र, विश्वासार्ह लेखन पुरेसं हवं आणि ते चार दिवसांच्या बातमीपुरतं नको. इंग्रजी विकिपीडियावर ‘डेथ पॅनेल’ला वेगळा लेख आहे तो याच हिशेबाने. सारा पेलिन यांनी ऑगस्ट २००९मध्ये ओबामांच्या आरोग्य विधेयकाबद्दल ही भीती घातली, पॉलिटिफॅक्टने तिला त्या वर्षातलं सर्वांत मोठं असत्य ठरवलं, आणि तरीही आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलण्याची तरतूद विधेयकातून वगळली गेली. खोटा शब्द खऱ्या कायद्यातून एक कलम घेऊन गेला. वर्ष उलटल्यावर वाक्य अजून हिंडतंय का, एवढं थांबून पाहिलं तर नव्वद टक्के उमेदवार आपोआप गळतात. (हा आकडा वस्तुस्थिती सांगण्याच्या हेतूने दिलेला नाही.)

मराठीत ही नोंद करायची झाली तर पहिलं भांडण मथळ्यावर होईल. ‘पंधरा लाखांचं आश्वासन’ लिहिलं तर एक बाजू जिंकते, ‘पंधरा लाखांची अफवा’ लिहिलं तर दुसरी, आणि ‘जुमला’ हा तर एका बाजूने दिलेला आणि दुसरीने पळवलेला शब्द. ‘पंधरा लाखांचं विधान (कांकेर, २०१३)’ हे रुक्ष आहे, म्हणून चालण्यासारखं आहे. खाली ‘टीका’ असा वेगळा रकाना नको. टीका, खुलासे, आदेश हे सगळं तारखांच्या क्रमाने यावं, म्हणजे कुणी कधी काय जोडलं ते वाचणाऱ्याला दिसेल. बेरीज-भागाकार वरच हवा, शेवटी टिपेत नको. आणि अगदी पहिल्या परिच्छेदात कांकेरच्या सभेतलं ते हिंदी वाक्य मागच्या-पुढच्या ओळींसह, त्यातल्या ‘तो भी’सकट, पूर्ण.